अकरा मिनिटांचा आवाज

मला स्वच्छतेची खोड आहे आणि ती आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. नळीत कालच्या दुधाचा एक थेंब राहिला तर आजच्या दुधाचा निकाल चुकतो, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस घरातही तसाच वागतो. पाहुण्याने पाय जरा वर घेतले की मी खालून फडकं फिरवून घेते. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट थोडा ताठाच होता. त्या ताठ्यापायी मी माझ्या नवऱ्याचा आवाज घालवला. गळ्यातला आवाज कॅन्सरने नेला, तो नेलाच. पण त्याआधी त्यांनी जो नोंदवून जपून ठेवला होता, तो मी पुसून टाकला.

माझे यजमान केरबा चौगुले. गडहिंग्लजच्या शाळेत पीटीचे मास्तर होते, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते कुस्तीच्या मैदानातले निवेदक म्हणून. हलगी घुमायला लागली की मास्तर माईक हातात घ्यायचे, आणि कुठल्या पैलवानाचा आजा कुठल्या वस्तादाच्या तालमीत होता इथपासून सुरुवात करायचे. माणसं कुस्तीइतकीच त्यांची वाट बघायची. घरात मात्र त्यांचा आवाज निराळा होता. जरा खालचा, मिस्कील. मी फडकं घेऊन आले की म्हणायचे, "आल्या बघा आमच्या आरोग्य निरीक्षक." मी चिडायचे, पण मला ते ऐकायला आवडायचं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. मास्तरांनी एकच विचारलं, "मग बोलायचं कशानं?"

डॉक्टरांनी कंठपट्टा दाखवला. आता तो बऱ्याच जणांच्या गळ्यात दिसतो, पण आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. बोटभर रुंदीची मऊ पट्टी. स्वरयंत्र काढलं तरी माणूस बोलायला गेला की जीभ, जबडा, गळ्याचे स्नायू आपलं काम करतातच. प्रत्येक स्नायू हलण्याआधी त्यात बारीकशी वीज खेळते. पट्टा ती वीज वाचतो, कोणता शब्द आहे ते ओळखतो आणि छोट्या स्पीकरमधून बोलतो. शब्द ओळखणं सोपं असतं, डॉक्टर म्हणाले. अवघड असतो तो सूर. माणूस तेच शब्द थट्टेत बोलतोय की दुःखात, हे पट्ट्याला कळायला हवं असेल तर त्याला आधी शिकवावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी पट्टा लावून भरपूर बोलायचं. आवाज आणि स्नायूंची वीज, दोन्हींची नोंद एकाच वेळी होते. गळा असा ओढला जातो तेव्हा हा माणूस हसत असतो, तसा ओढला जातो तेव्हा रागावलेला असतो, अशी जोडी जुळते. शस्त्रक्रियेनंतर ही जोडी कुणालाही जुळवता येत नाही, कारण आवाजच नसतो. मैदानातल्या त्यांच्या निवेदनाची शेकडो रेकॉर्डिंगं लोकांकडे होती, पण त्यांचा इथे काही उपयोग नव्हता. त्यांत आवाज होता, वीज नव्हती.

महिनाभर मास्तर रोज पट्टा लावून बसले. दवाखान्याने दिलेली वाक्यं एकेक पाच-पाच वेळा म्हणायची, पाच तऱ्हांनी. 'पाणी दे.' 'आज ऊन फार आहे.' 'मला बरं वाटतंय.' मी मागे भांडी घासत असायचे आणि घरभर तीच तीच वाक्यं फिरायची. घसा दुखायचा, तरी ते थांबत नसत. एकेचाळीस तासांचं बोलणं जमलं.

ते सगळं आमच्याच संगणकात राहिलं, कारण तसा नियम आहे. लोकांचे आवाज चोरून त्यांच्या पोरांना फसवण्याचे प्रकार इतके वाढले होते की कुणाचा कच्चा आवाज कुठल्याही कंपनीने, दवाखान्याने जवळ ठेवायचा नाही असा कायदा झाला. ज्याचा आवाज त्याने सांभाळायचा. दवाखान्याच्या कागदावर ठळक लिहिलं होतं, 'दोन प्रती ठेवा.' मास्तरांनी दोन प्रती ठेवल्या. एकाच संगणकात, एकाच फोल्डरमध्ये, शेजारी शेजारी. त्या फोल्डरला नाव दिलं 'केर'.

हे नाव त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पण मला कळायला हवं होतं. माझ्या सासूबाईंची पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा त्यांनी त्याला सुपात घालून दारातल्या केराच्या ढिगावर ठेवला, शेजारणीने तो 'केरात पडलेला सापडला' म्हणून उचलून आणून दिला, आणि नाव ठेवलं केरबा. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरणाचं लक्ष जात नाही, अशी त्यामागची समजूत. मुलगा जगला. साठीच्या पुढे गेलेल्या त्या मुलाला आपल्या आयुष्यातली सगळ्यांत नाजूक वस्तू ठेवायची होती, तेव्हा त्याने आईने केलं तेच केलं.

श्रावणात शस्त्रक्रिया झाली. मास्तर घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात लिहायची पाटी घेऊन. जखम भरली, किरणोपचार झाले. पट्टा दिवाळीनंतर बसवायचा होता.

मधे घट बसायचे आले. घटाआधी आमच्याकडे घर धुऊन काढतात. अंथरुणं, पांघरुणं, पडदे, माळ्यावरची पिंपं, काही म्हणजे काही राहत नाही. अमावास्येच्या दिवशी सकाळी मी सगळं संपवलं आणि टेबलावरचा संगणक पुसायला घेतला. कापड लागलं तसा पडदा उजळला आणि त्यातल्या 'निर्मळ'ने बोलायला सुरुवात केली. निर्मळ हा संगणकासोबतच आलेला सफाईचा प्रोग्राम. साठवायच्या चिपांची टंचाई झाल्यापासून असले प्रोग्राम सगळ्यांच्याच मागे लागलेले असतात.

"जागा संपत आली आहे," निर्मळ म्हणाला. "साफसफाई करू का?"

मला एवढंच हवं होतं. म्हटलं, कर.

तो एकेक विचारत गेला आणि मी हो म्हणत गेले. जुनी बिलं, लग्नपत्रिका, शाळेची पत्रकं. मग म्हणाला, "केर नावाचं एक फोल्डर आहे. त्यात चौदा हजार फायली आहेत. बहुतेक एकसारख्या आहेत आणि प्रत्येकीच्या दोन प्रती आहेत. काढून टाकू का?"

केर म्हटल्यावर माझा हात थांबेल होय? मी म्हटलं, "आता केराला पण इच्यारायचं व्हय? टाक की काढून." आणि फडकं पिळायला मोरीकडे गेले. त्या संध्याकाळी मी फार खूष होते.

दिवाळी झाली. दवाखान्याने आवाजाच्या फायली मागितल्या. मास्तर टेबलाशी बसले, मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ काहीच चाहूल लागेना म्हणून बाहेर आले, तर ते पडद्याकडे बघत नुसते बसले होते. त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. 'केर कुठाय?'

मला आधी अर्थच कळेना. मग कळला. मी दाराची चौकट धरली. आणि त्याच चौकटीला धरून मी खोटं बोलले.

"आपोआप गेलं असंल. मिशिनच ते, काय भरवसा?"

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, ते मला जास्त लागलं.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका बोळात नौशीन मुल्ला नावाची मुलगी हरवलेल्या फायली काढून देते असं कळलं. तिशीची असेल. समोर तीन संगणक उघडून ठेवलेले, पोटातली आतडी बाहेर काढावी तसे. तिने आमचा संगणक जोडला आणि आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

"काकू, खरं सांगते," ती म्हणाली, "पूर्वी हे सोपं होतं. जुन्या डिस्कवरची फाईल पुसली म्हणजे काय व्हायचं, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ फक्त खोडली जायची. पान जागच्या जागी. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आम्ही ते शोधून काढायचो. आताच्या चिपा तसं करत नाहीत. एखादी जागा नको आहे असं कळलं की चिप स्वतःच ती जागा धुऊन ठेवते, पुढचं लिखाण पटकन व्हावं म्हणून. तासाभरात सगळं कोरं."

मी प्रयोगशाळेतली बाई. धुतलेल्या नळीत कालचं दूध सापडत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण हे आपोआप होत नाही," नौशीन म्हणाली. "कुणीतरी परवानगी द्यावी लागते. निर्मळ त्याची नोंद ठेवतो, उद्या कुणी कोर्टात गेलं तर पुरावा म्हणून. ती नोंद पुसता येत नाही. बघू या."

मी तिला थांबवायला हवं होतं. तिने बटण दाबलं आणि त्या बोळातल्या दुकानात माझाच आवाज आला. स्वच्छ, ठणठणीत. मागे बादलीत पाणी पडल्याचाही आवाज. "आता केराला पण इच्यारायचं व्हय? टाक की काढून."

एकेचाळीस तासांतलं एक अक्षर उरलं नव्हतं, आणि हे एवढं वाक्य सरकारी कागदासारखं जपून ठेवलेलं होतं.

मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. हातात पाटी होती, पेन होतं. परतीच्या बिनचालकाच्या गाडीत दोन तास आम्ही शेजारी बसलो आणि पाटी त्यांच्या मांडीवर कोरी राहिली. दोन दिवसांनी त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. सासूबाईंची सगळी गोष्ट लिहिली होती, सुपाची, केराच्या ढिगाची. खाली लिहिलं होतं, 'नाव मीच ठेवलं होतं. चूक दोघांची.' मला तेवढ्यावर रडता येत होतं, ते मी रडून घेतलं. पण अर्धी चूक त्यांनी उचलली म्हणून माझी अर्धी झाली असं मला काही वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी नौशीनचा फोन आला. आम्ही गेलो. ती उत्साहात नव्हती, पण पडेलही नव्हती.

"संगणकात काही मिळालं नाही. पण तुम्ही सोबत ठेवून गेलात त्या पट्ट्याची स्वतःची थोडी मेमरी असते. बोलणं संपलं की बंदचं बटण दाबायचं, मग ते संगणकात जातं आणि पट्टा रिकामा होतो. काका, शेवटच्या दिवशी तुम्ही बंदचं बटण न दाबताच पट्टा काढला होता का?"

मास्तरांनी आठवून मान डोलावली. मलाही आठवलं आणि माझे कान तापले.

"त्यामुळे तेवढं आत राहिलं. अकरा मिनिटं. आवाज आणि वीज, दोन्ही. शंभर टक्के खरं. ऐकवू?"

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची दुपार होती ती. माणसाचा स्वतःचा आवाज घरात असायचा शेवटचा दिवस. मी जिना घासत होते, कारण परत येऊ तेव्हा घर स्वच्छ हवं. खरं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी घासते.

स्पीकरमधून मास्तर बोलायला लागले. घसा चिरलेला, तरी जोर होता. "वैजू, बस की जरा हितं. काय घासत बसलीयास? उद्यापास्नं मी बोलायचा न्हाई, कळतंय का तुला? दोन मिन्टं मानसासमोर बसायला हुईत न्हाई तुला?" मागून माझा आवाज, "आलो, एवढी पायरी हुं द्या." मग पुन्हा ते. पुन्हा मी, अजून एक पायरी. अकरा मिनिटं. शेवटी ते ओरडले, "घास, घास. मलाबी घासून टाक एकदा," आणि पट्टा टेबलावर आपटल्याचा आवाज.

नौशीनने पाण्याचा पेला पुढे केला तो मी घेतला.

"आता दोन मार्ग आहेत," ती म्हणाली. "पट्टा जे शिकतो तेच बोलतो. या अकरा मिनिटांवर शिकवला तर आवाज काकांचाच येईल, अगदी त्यांचाच. पण सूर एकच. दुसरा सूर त्याने ऐकलेलाच नाही. दुसरा मार्ग म्हणजे पुनर्रचना. काकांच्या वयाच्या हजारो माणसांच्या नोंदींवरून प्रोग्राम गेलेले एकेचाळीस तास अंदाजाने भरून काढतो. आवाज थोडा काकांसारखा करता येतो. नमुना केलाय मी."

तिने लावला. "वैजयंता, चहा घेतेस का? आज हवा छान आहे." छान आवाज होता. गोड, शांत, कुणाच्याही घरात शोभेल असा. जन्मात मला मास्तरांनी वैजयंता म्हटलं नव्हतं.

मास्तरांनी लिहिलं, 'हा कोण?'

"अहो, असू दे की," मी म्हटलं. मी त्यांच्या दंडाला धरलं. "गोड बोलंल तरी. सवय हुईल. जन्मभर रागानं बोलणार हाय का तुम्ही माझ्याशी?"

त्यांनी लिहिलं, 'मी मरेपर्यंत दुसऱ्याच्या तोंडानं तुझ्याशी बोलू? ते नको. जे उरलंय ते माझं आहे.'

मी नौशीनकडे बघितलं. तिने नमुना बंद केला. अशा गोष्टी तिला रोज दिसत असतील.

पौषात त्या अकरा मिनिटांवर शिकवलेला पट्टा बसवला. तेव्हापासून आमच्या घरी भांडण चालू आहे, असं गल्लीला वाटतं. मास्तर दूधवाल्याला "ये बाबा, बस" म्हणतात आणि तो बिचारा पायरीवरूनच परत फिरतो. नणंदेच्या नातीला त्यांनी "किती गोड हाय ग पोरगी" म्हटलं तर ती भोकाड पसरून आईला चिकटली. मैदानात एकदा माईक दिला, तर दोन पैलवानांनी आपलं काहीतरी चुकलं समजून त्यांचे पाय धरले. त्या दिवशी मास्तर गळ्यातला पट्टा काढून खिशात घालून घरी आले आणि चार दिवस पाटीवरच बोलले. मीच म्हटलं, लावा. पाटीपेक्षा ते ओरडणं मला बरं वाटतं. पाटीला ओरडणं तरी कुठे जमतं.

चव असो नसो, रोज एकदा ते म्हणतात, "आमटी झक्कास झालीया." ते असं येतं की ताट भिरकावणार आहेत. मी वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघते. डोळे हसत असतात. मग मला कळतं. म्हणून आता मला त्यांचं बोलणं स्वयंपाकघरातून ऐकता येत नाही. ते बोलायला लागले की हातातलं टाकून समोर येऊन बसावं लागतं, नाहीतर तो राग मला खराच वाटतो. घरात जळमटं धरली आहेत. माळ्याकडे मी दिवाळीपासून बघितलेलं नाही.

परवा दुपारी मी परसात तांब्याचा हंडा चिंचेने घासत होते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी घासायला घेतलं होतं. मास्तर मागच्या दारात आले आणि पट्ट्यातून म्हणाले, "वैजू. बस की जरा हितं."

अकरा मिनिटांतलंच वाक्य. तसंच्या तसं. मी हंडा टाकला आणि चिंचेच्या हातांनी त्यांच्यासमोर पायरीवर जाऊन बसले.

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. दोनदा तोंड उघडून मिटलं. आपलं बोलणं कसं येतं हे त्यांनाही ऐकू येतं, म्हणून ते हल्ली आधी विचार करतात. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते बोलले. हळू बोललं तर राग कमी येईल असं त्यांना वाटलं असावं.

"माझा राग न्हाई तुझ्यावर. कवाच नव्हता."

ते आलं अंगावर धावून. परसातला कावळा उडाला. त्यांचं तोंड कसनुसं झालं. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." त्यांनी माझे दोन्ही ओले हात धरले आणि पुन्हा म्हटलं. तसंच आलं, पहिल्याहून जोरात.

कुंपणापलीकडून शेजारच्या अक्काताईंनी डोकं वर काढलं. आम्ही हातात हात धरून बसलेले त्यांना दिसत नव्हतो, मधे शेवग्याचं झाड आहे.

"वयनी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अजून शांत झालं न्हाईत व्हय ओ मास्तर? किती दिवस बोल खायाचा मानसानं."

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. मीच म्हटलं, "हुतील की अक्का." आणि तिथंच बसून राहिले, हंडा अर्धाच घासलेला असला तरी.